१५५ मिमीची तोफ देशात बनवायची म्हणजे नेमकं काय काय बनवावं लागतं?

गोफणगुंडा

मार्च २०२५ मध्ये एटॅग्सच्या (ओढून न्यायची देशी १५५ मिमी तोफ) ३०७ तोफा आणि त्या ओढणारी ३२७ सिक्स-बाय-सिक्स (सहाही चाकांना जोर मिळणारी) वाहनं यांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. १८४ तोफा भारत फोर्जच्या वाट्याला, १२३ टाटांच्या. तेव्हापासून कुठल्याही चर्चेत पहिला प्रश्न ठरलेला: स्वदेशी किती टक्के?

हा टक्का किमतीवर काढतात. तोफेचं तसं नसतं. ज्या भागावाचून गोळा सुटणार नाही, त्याची किंमत कधी कधी अख्ख्या तोफेच्या एक टक्काही नसते. म्हणून या धाग्यात टक्केवारी बाजूला ठेवून भागागणिक लिहू: कसा बनतो, कुठे बिघडतो, का बिघडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स एफएच-७७बी घेतल्या, ३९ कॅलिबरच्या. करारात तंत्रज्ञान हस्तांतर होतं, कागदपत्रंही आली, पण प्रकरण पेटल्यावर देशात एकही तोफ बनली नाही. तीच कागदपत्रं पुढे धनुषच्या कामी आली. धनुष ४५ कॅलिबरची, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतली. पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९ मध्ये सैन्याला मिळाल्या. एटॅग्स ५२ कॅलिबरची, आराखडा पुण्याच्या एआरडीईचा, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेचा.

कॅलिबर म्हणजे इथे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट. १५५ गुणिले ३९ म्हणजे ६.०४ मीटर, ४५ म्हणजे ६.९७ आणि ५२ म्हणजे ८.०६ मीटर. कारखान्याची सगळी डोकेदुखी या वाढलेल्या दोन मीटरमध्ये आहे.

आठमीटरी

नळीपासून सुरुवात करतो, जरा लांबेल.

पोलाद निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचं. वितळवून, निर्वातात वायू काढून, बहुतेक वेळा ईएसआर करून म्हणजे स्लॅगमधून पुन्हा वितळवून घेतात. निर्वात हवाच, कारण पोलादात हायड्रोजन राहिला तर घडाईनंतर काही दिवसांनी आतल्या आत केसासारख्या भेगा पडतात. जॉब (घडवायचा तुकडा) बाहेरून चकाचक, अल्ट्रासॉनिकवर लावला की भंगार. ईएसआर मुख्यतः गंधकासाठी. सल्फाइडचे कण घडाईत नळीच्या लांबीच्या दिशेने ताणले जातात, त्यामुळे लांबीत पोलाद चिवट आणि आडवं ठिसूळ. गोळा सुटताना नळी फाटू पाहते ती मात्र उभ्या चिरेने, म्हणजे आडव्या ताणाने. म्हणून चाचणीचे तुकडे दोन्ही टोकांकडून आडवेच कापतात आणि चार्पी (आघात देऊन चिवटपणा मोजायची चाचणी) उणे ४० अंशांवर घेतात. नुसती लांबीच्या दिशेची ताकद दाखवणारं प्रमाणपत्र नळीच्या बाबतीत बिनकामाचं.

घडाईनंतर क्वेंचिंग-टेम्परिंग, म्हणजे तापवून झटकन गार करणं आणि मग पुन्हा थोडं तापवणं. आठ मीटरचा जॉब आडवा टाकून तापवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून खड्डाभट्टीत उभा टांगून तापवायचा आणि उभाच टाकीत सोडायचा. तरी थोडा बाक येतो. तो प्रेसखाली सरळ करता येतो, पण सरळ केलेल्या नळीत ताण दडून राहतात आणि पुढे ड्रिलिंगला माल निघाला की नळी जुन्या बाकाकडे परत जाते. म्हणजे सरळ केल्यावर पुन्हा ताणमुक्तीची उष्णता द्यावी लागते. ही पायरी गाळली की महिनाभराने होनिंगवर (भोक घासून गुळगुळीत करताना) रनआउट (मध्यापासून सरकलेलं फिरणं) निघतो आणि मग लेथवाल्याला बोल लावतात. टेम्परिंगनंतर साधारण ४०० ते ५५० अंशांच्या पट्ट्यातून हळूहळू गार होऊ दिलं तरी ठिसूळपणा येतो. मॉलिब्डेनम तो कमी करतो, पुरता घालवत नाही.

मग खोल ड्रिलिंग. बीटीए पद्धतीत कूलंट बाहेरून आत आणि चिप (कापून निघालेला कीस) टूलच्या पोकळीतून बाहेर. चिप तुटली नाही, लांब दोरी झाली, की मार्ग तुंबतो आणि टूल अडकतं. भोक थोडं तरी भरकटतंच. म्हणून बाहेरचा व्यास अंतिम मापाला आधी आणत नाहीत. भोक झालं की त्यालाच आधार मानून बाहेरून टर्निंग करतात, नाहीतर भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. अशी नळी तापली की सारखी तापत नाही, वाकते, आणि गोळे एका दिशेला सरकत जातात.

यानंतर ऑटोफ्रेटेज, मग अंतिम बोअरिंग-होनिंग, मग रायफलिंग, म्हणजे गोळ्याला फिरका देणाऱ्या आतल्या खाचा.

शंकासुर

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ऑटोफ्रेटेजची भानगड कशाला? दाब जास्त तर भिंत जाड करा, विषय संपला.

आठमीटरी

@शंकासुर, गणितच करू. जाड नळीत सगळ्यात जास्त ताण आतल्या पृष्ठावर येतो. बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट असेल तर आतला घेराचा ताण दाबाच्या १.६७ पट. तिप्पट केला तर १.२५ पट. म्हणजे ताण चौथ्या हिश्श्याने उतरला. पण पोलादाचं छेदक्षेत्र ३ वरून ८ वर गेलं, म्हणजे वजन सुमारे २.७ पट! भिंत कितीही जाड केली तरी आतला ताण दाबाच्या खाली येतच नाही. हा रस्ता बंद.

ऑटोफ्रेटेजमध्ये भोकापेक्षा किंचित मोठा टंगस्टन कार्बाइडचा मँड्रेल (कडक दट्ट्या) हायड्रॉलिक प्रेसने नळीतून ओढतात किंवा ढकलतात. आतला थर कायमचा ताणला जातो, बाहेरचा लवचीक राहतो आणि आतल्याला आवळून धरतो. पुढे गोळा उडाला की दाबाला आधी हा आवळा सोडवावा लागतो, मग ताण सुरू. चिरा वाढण्याचा वेगही यामुळे फार घटतो, आणि खरा फायदा तिथेच आहे.

बिघडतं ते असं. वंगण फाटलं की मँड्रेल चिकटतो, भोकाला ओरखडे जातात, कधी मँड्रेलच आत रुतून बसतो. दुसरं, ऑटोफ्रेटेजनंतर भोक मापात आणताना जास्त माल काढला तर सर्वात जास्त आवळलेला थरच चिपमध्ये जातो. म्हणून आधीचं माप असं धरावं लागतं की शेवटी अगदी थोडंच काढायचं उरेल. तिसरं, यानंतर नळीला जास्त उष्णता लागता कामा नये, ताण सैल पडतात. क्रोम केलेल्या नळीला हायड्रोजन घालवण्यासाठी शेकतात, त्यातही तापमान याच मर्यादेत ठेवावं लागतं.

खाचखळगे

रायफलिंगबद्दल मी भर घालतो. १५५ ला नेहमीचं गणित ४८ खाचा आणि २० कॅलिबरमध्ये एक फेरा, म्हणजे ३.१ मीटरमध्ये एक. ५२ कॅलिबरच्या पूर्ण चार्जला (गोळा ढकलणारी दारू) गोळा सेकंदाला सुमारे ९४५ मीटरने निघतो. भागाकार केला की सेकंदाला ३०५ फेरे. साधारण ४४ किलोचा गोळा! हा फिरका देणारा सगळा जोर खाचेच्या एकाच कडेवर येतो.

खाचा ब्रोचने (दातेरी कापणारं हत्यार) पाडतात. एका फेरीत मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच माल निघतो, म्हणून फेऱ्या पुष्कळ. चिप दातात अडकून राहिली आणि ब्रोच तसाच ओढला तर खाचेची कड फाटते, आणि ती दुरुस्त होत नाही. सात-आठ टप्पे पार केलेली, लाखोंचं काम झालेली नळी या टप्प्यावर गेली तर कारखान्यात त्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही.

ब्रीचब्लॉक

नळीवर सगळे भरभरून बोलतात, ब्रीचकडे दुर्लक्ष. ब्रीच म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारी यंत्रणा. धनुष आणि एटॅग्स मॉड्युलर चार्ज (दारूचे ठोकळे, हवे तितके लावायचे) वापरतात, त्यांचा ब्रीच स्क्रू पद्धतीचा. धातूचं काडतूस नसल्यामुळे वायू अडवायचं काम ऑब्च्युरेटर पॅडचं. दाब आला की पॅड पसरून बसतं, दाब गेला की सुटलं पाहिजे. बसायच्या जागेवर बारीक ओरखडा असला तरी हजारो वातावरणांचा तापलेला वायू तिथून निसटतो आणि पुढच्या काही फैरींत तिथे पोलाद धुऊन नेल्यासारखी नाली पडते. पॅड बदलता येतं, बैठक खराब झाली की काम वर्कशॉपचं.

नायट्रोजन

रिकॉइल, म्हणजे गोळा सुटताना नळीला बसणारा मागचा धक्का. साडेत्रेचाळीस किलो गुणिले ९४५ म्हणजे ४१,००० न्यूटन-सेकंदांहून जास्त संवेग, वर बाहेर पडणाऱ्या वायूचा वेगळा. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला वळवणारा भाग) त्यातला काही भाग खातो, उरलेला रिकॉइल यंत्रणेने गिळायचा.

बफरमध्ये तेल अरुंद फटीतून ढकललं जातं आणि पिस्टन मागे जाईल तशी ती फट बदलते. कंट्रोल रॉडची जाडी लांबीभर ठरल्याप्रमाणे बदलती घासायची असते. मापात शतांश-दोन शतांश चुकलं तर जोर सारखा न राहता उसळतो आणि क्रेडलच्या (नळी धरून ठेवणारा सांगाडा) जोडांवर हाणतो. रिक्युपरेटरमध्ये नायट्रोजन नळीला परत जागेवर आणतो. ड्रॉइंग मिळालं म्हणून हे जमत नाही. सिलिंडरचं होनिंग, पिस्टन रॉडचं क्रोम आणि सील या तिघांची जोडी जमावी लागते. रॉडवरचं क्रोम सच्छिद्र निघालं की गंज, गंजाने सील फाटणार, मग तेल गळणार. कारखान्यात २५ अंशांना सगळं पास होतं. लडाखच्या हिवाळ्यात सील कडक, तेल दाट, नळी परत यायला रेंगाळते. राजस्थानात मे महिन्यात नायट्रोजनचा दाब चढतो आणि नळी जागेवर आपटत येते. एकाच तोफेला दोन्ही ठिकाणी चालायचंय, त्यामुळे सीलच्या रबराचं मिश्रण हा खरा गुपिताचा माल. स्वदेशीच्या टक्क्यात त्याचा हिशेब चिल्लर.

गोफणगुंडा

चिल्लरवरून धनुषच्या बेअरिंगचं उदाहरण द्यायलाच हवं. वायर रेस रोलर बेअरिंग. आधी चार मागवले ३५.३८ लाखांना, मग संख्या सहावर नेली, ५३.०७ लाख. म्हणजे एक ८ लाख ८४ हजारांचा. तोफेची किंमत तेव्हा १४.५ कोटींच्या आसपास सांगितली जात होती. ०.६ टक्के. जर्मन म्हणून चिनी बेअरिंग दिल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला.

खटल्याची चर्चा इथे नको, प्रश्न तांत्रिक आहे: असा बेअरिंग दारातच कसा ओळखायचा?

मायक्रॉन

या बेअरिंगमध्ये रोलर थेट रिंगवर धावत नाहीत, रिंगमध्ये बसवलेल्या कडक पोलादी तारांवर धावतात. फायदा असा की मोठ्या व्यासाचा, हलका आणि थोडी वाकडी बैठक सहन करणारा बेअरिंग मिळतो. तोफेची वरची सगळी फिरती बाजू त्यावर, आणि प्रत्येक फैरीला धक्का. तारेची कडकपणाची खोली कमी असली तर रोलर तारेत खळगे पाडतात. मग तोफ फिरवताना अडखळते आणि बॅकलॅश (सैलपणा) वाढतो. कोनात एक मिल (अंशाचा सुमारे अठरावा भाग) चुकलं की ३० किलोमीटरवर गोळा सुमारे ३० मीटर बाजूला. संगणक बरोबर सांगतो, लोखंड ऐकत नाही.

ओळखायचं कसं? कागद बघून नाहीच. कंपनीचा शिक्का, पॅकिंग, प्रमाणपत्र, तिन्ही छापता येतात. प्रत्येक खेपेतला एक नग कापायचा: तारेचा कडकपणा पृष्ठापासून आतपर्यंत, सूक्ष्मरचना, रासायनिक घटक. शिवाय प्रत्येक नगाचा फिरवण्याचा टॉर्क आणि अक्षीय-त्रिज्यीय खेळ. आणि मूळ उत्पादकाकडे नगाचा क्रमांक थेट पडताळायचा, मध्यस्थामार्फत नाही. अडचण अशी की सहा नगांच्या ऑर्डरमध्ये एक कापायला कोण परवानगी देणार? छोट्या ऑर्डरींत तपासणी मरते ती अशी.

शंकासुर

म्हणजे खाजगी कंपन्यांकडे दिलं की सुटलं का? के-९ वज्र बघा, एल अँड टीची हजीरात बनणारी, कोरियन आराखड्याची स्वतः चालणारी तोफ. मे २०१७ ला करार, फेब्रुवारी २०२१ ला शंभरावी तोफ बाहेर. धनुषची ऑर्डर ११४ ची, आणि गाडी अडखळतच.

खाचखळगे

ही तुलना अर्धीच आहे. वज्रचा आराखडा कोरियात आधीच शेकडो नगांवर घासून-पुसून गोठलेला होता. ड्रॉइंग गोठलेलं, प्रोसेस शीट तयार, पुरवठादार ठरलेले, पहिल्या १० तोफा तर कोरियाहूनच आलेल्या. हजीरात उरलेलं काम लहान नव्हतं: चिलखती पत्र्याचं वेल्डिंग, त्यातली विकृती सांभाळत टरेट रिंगची बैठक मशीन करणं हे सोपं समजू नये. पण इंजिन १,००० अश्वशक्तीचं जर्मन घराण्यातलं, ते बाहेरूनच.

धनुषच्या वेळी चाचण्या, आराखड्यातले बदल आणि उत्पादनाची तयारी एकमेकांच्या अंगावर चालली होती. २०१७ च्या चाचण्यांमध्ये गोळा मझल ब्रेकला लागल्याच्या बातम्या आल्या. असं झालं की संशयितांची रांग लागते: ब्रेकचं भोक नळीशी समकेंद्री आहे का, गोळ्याचा ड्रायव्हिंग बँड (खाचांत रुतणारी मऊ धातूची पट्टी) फाटला का, गोळा नळीतच डगमगला का. एकेक बाद करायला प्रत्येकी वेगळ्या फैरी लागतात, तोवर लाइन थांबलेली.

सरकारी की खाजगी यापेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं: ऑर्डर सलग आहे का. वज्रच्या पहिल्या शंभरीनंतर दुसऱ्या शंभरीचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला, ७,६२८.७० कोटींचा. मधली पावणेचार वर्षं त्या लाइनवरचे वेल्डर आणि छोटे पुरवठादार काय करत असतील? चिलखती पोलादाचं वेल्डिंग येणारा माणूस गोदामात ठेवता येत नाही.

मायक्रॉन

+१. शिवाय ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. तोफा कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या कंपनीकडे, दारूगोळा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. तोफ एकाची, चार्ज दुसऱ्याचा. काही बिघडलं की पहिले सहा महिने कोणाचं बिघडलं यातच जातात. (अवांतर: हे मंडळ असतानाही होतंच, फक्त पत्रं एकाच लेटरहेडवर जायची.)

तांब्याचीगोळी

प्रूफबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नळी तयार झाली की प्रूफ फायरिंग (कसोटीचा मारा): बालासोर, इटारसी, जबलपूरची लाँग प्रूफ रेंज. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे चार्ज लावून ठरावीक फैरी. दाब मोजायला चेंबरमध्ये क्रशर गेज ठेवतात: आत तांब्याचा छोटा नग, तो किती चेपला त्यावरून दाब. जोडीला आता पिएझो सेन्सर. तांबं फक्त सर्वोच्च दाब सांगतं, दाबाचा आलेख सांगत नाही, आणि पुष्कळदा गोम त्या आलेखात असते.

मॉड्युलर चार्जमध्ये इग्निशन एका टोकाला आधी आणि दुसऱ्याला उशिरा झालं तर चेंबरमध्ये दाबाची लाट मागे-पुढे धावते. थंडीत प्रोपेलंटचे दाणे ठिसूळ असतात, लाटेने चुरतात, जळायचं पृष्ठ एकदम वाढतं आणि दाब उडी मारतो. हा दोष नळीचा नसतो, पण फुटते नळी. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला एटॅग्सची नळी फुटून चार जण जखमी झाले. त्या घटनेच्या कारणावर इथे अटकळ बांधत नाही. एकूणच नळी फुटली की तपास चार दिशांनी जातो: नळीचं पोलाद, चार्ज, नळीतच फुटलेला गोळा, आणि नळीत राहिलेली एखादी वस्तू. फुटलेल्या तुकड्यांवर चिरेचा उगम सापडला तर पहिलं लवकर निकालात निघतं. गोळा नळीतच फुटला असेल तर नळीच्या त्या भागात फुगवटा आणि बारीक तुकड्यांच्या खुणा दिसतात.

गोळ्याच्या बाजूने सांगायचं तर भरावात पोकळी राहणं हा जुना शत्रू. स्फोटक वितळवून ओतलं की थिजताना आकसतं. वरून रसद तुटली की मधे पोकळी. सुटताना स्फोटक मागे आदळतं, पोकळीतली हवा दाबून तापते, पुढचं सांगायला नको. म्हणून क्ष-किरण तपासणी.

शंकासुर

एटॅग्सच्या वजनाचं काय? १८ टन ऐकतो. बोफोर्स १२ च्या आसपास होती ना?

नायट्रोजन

हो, आणि धनुष १३ च्या जवळपास. वजन कुठून आलं ते पाहा. २५ लिटरचं चेंबर, आठ मीटरची नळी, त्याला साजेसं रिकॉइल आणि पाय. वर ब्रीच, भरणी, फिरवणं-उचलणं सगळं इलेक्ट्रिक ड्राइव्हवर. मोबदल्यात २०१७ मध्ये पोखरणला ४८ किलोमीटरचा पल्ला दाखवला. इलेक्ट्रिकचा फायदा देखभालीत: हायड्रॉलिकचे होज, पंप आणि गळत्या कमी. तोटा असा की मोटर, ड्राइव्ह आणि कनेक्टर यांना दर फैरीचा धक्का बसतो. कनेक्टरची पिन सैल झाली तर दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि वर्कशॉपमध्ये आणला की हमखास नाही. डोंगरी वळणांवर आणि छोट्या पुलांवर वजन जाचतंच. म्हणूनच तिथे एम-७७७ सारखी चार टनांची तोफ लागते. ती टायटॅनियमची, तिचा संसार वेगळा.

गोफणगुंडा

शेवटचा मुद्दा सुट्या नळ्यांचा. ३०७ तोफा म्हणजे ३०७ नळ्या नव्हेत. नळीचं आयुष्य फैरींच्या नुसत्या संख्येवर मोजत नाहीत, पूर्ण चार्जच्या बरोबरीच्या फैरींवर मोजतात: सर्वात मोठा चार्ज म्हणजे १, खालचे चार्ज त्याचे अंश. सीमेवर लांब पल्ल्याने मारा सुरू झाला की हा हिशेब झपाट्याने संपतो. तेव्हा देशात महिन्याला नळ्या किती निघू शकतात?

आठमीटरी

ते सर्वात कमी वेगाच्या यंत्रावर ठरतं. लेथ वाढवता येतात. उभी खड्डाभट्टी, ऑटोफ्रेटेजचा प्रेस आणि आठ मीटरचं रायफलिंग मशीन ही तीन ठिकाणं अशी की एक बंद पडलं तर मागची-पुढची सगळी रांग थांबते, आणि असं यंत्र ऑर्डर दिल्यावर लगेच मिळत नाही. त्यामुळे कुठल्याही कारखान्याला विचारायचं ते हेच: या तिघांपैकी प्रत्येकी किती आहेत, आणि दुसरं नसेल तर त्याच्या मुख्य भागाचा सुटा नग स्टोअरमध्ये पडून आहे का.

मायक्रॉन

त्यात चौथं घाला: खोलवरचं भोक मोजायची गेज आणि ती कॅलिब्रेट करणारी मास्टर रिंग. रिंग कॅलिब्रेशनला बाहेर गेली आणि दुसरी नसली तर तयार नळ्या रॅकवर, सही कोणाचीच नाही.